जुन्या फर्निचरला मळ्यातल्या घराचे रूप देताना

कोल्हापुरात जुना वाडा पाडून तेथे अपार्टमेंट उभे राहते किंवा भावाभावांत वाटणी होते, तेव्हा सर्वांत आधी घराबाहेर पडते ते फर्निचर. चॉकलेटी पॉलिशची शोकेस, सनमायका लावलेले टेबल, सोनेरी मुठींचे कपाट अशा वस्तू जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडतात आणि बरेचदा नव्या वस्तूच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. त्यांचा चकचकीतपणा आज डोळ्यांना खुपतो हे खरे. पण त्या चकाकीखाली पुष्कळदा असे लाकूड असते, की ते आज नव्याने घ्यायचे म्हटले तर परवडणार नाही. अशा वस्तूला शेतावरच्या घरात शोभेल असे साधे, मातकट रूप कसे द्यावे, हे मी येथे सविस्तर सांगणार आहे.

हे रूप परदेशी चित्रांतून उचलण्याची आपल्याला गरज नाही. करवीर, भुदरगड, राधानगरी भागातल्या जुन्या घरांत चुन्याची पांढरी भिंत, गेरूचा पट्टा, धुराने आणि तेलाने काळवंडलेले खांब आणि लोखंडी कडी-कोयंडा एवढेच रंग असतात. पांढरा, गेरू, काळपट तपकिरी आणि लोखंडाचा करडा या चौघांतच राहावे. पाचवा रंग आला की घराचे हॉटेल होते.

वस्तू निवडताना पॉलिशकडे पाहू नये. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागच्या बाजूचा सांधा पाहावा. तो दातेरी असेल किंवा पायाच्या भोकात कुसू, म्हणजे पट्टीचे निमुळते केलेले टोक, नीट बसलेले असेल, तर ती वस्तू जाणत्या सुताराने केलेली आहे असे समजावे. नुसते खिळे ठोकलेले असतील तर किंमत पाडून मागावी. भुशाच्या बोर्डाची वस्तू खालून पाण्याने फुगलेली असेल तर ती फुकट मिळाली तरी आणू नये, कारण फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. किडीची परीक्षा सोपी आहे. वस्तूखाली रात्रभर काळा कागद अंथरून ठेवावा आणि सकाळी त्यावर ताजा, फिकट भुसा पडला आहे का ते पाहावे. पडला असेल तर आत कीड जिवंत आहे. मग इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक छिद्रात कीडनाशक द्रावण सोडून, वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर बाजूला ठेवावी आणि कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी. भोके जुनी व कोरडी असतील तर ती तशीच राहू द्यावीत. ती वस्तूला शोभतात.

घासायला बसण्यापूर्वी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे भरपूर असू शकते, आणि कोरड्या घासणीतून उडालेली त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. म्हणून जुना ऑइल पेंट असलेली वस्तू कधीही कोरडी घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलेच घासावे, तोंडाला चांगला मास्क बांधावा, खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला गाळ त्या प्लास्टिकसकट गुंडाळून टाकावा आणि हे काम चालू असताना मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये. घरात गरोदर बाई असेल तर असली वस्तू आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर बिजागऱ्या, मुठी आणि स्क्रू काढून प्रत्येक खणाचे सामान वेगळ्या डबीत ठेवावे. वस्तू साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत सुकू द्यावी. मग न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरावा. पॉलिश विरघळून चिकट झाले तर ते लाखेचे आहे, आणि स्पिरिटनेच पुसून निघेल. तेथे पॉलिश पेपर झिजवण्याचे कारण नाही. काहीच झाले नाही तर वर बहुधा वॉर्निश किंवा मेलामाइन, म्हणजे कडक रासायनिक पॉलिश, आहे, आणि ते आधी 80, मग 120 आणि शेवटी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेनेच काढावे लागते.

आता खरा निर्णय येतो. पॉलिश निघाल्यावर खाली सागवान किंवा शिसम निघाले, तर त्यावर रंग लावू नये. माझ्याकडच्या एका टीपॉयवर चॉकलेटी पॉलिशचे इतके थर होते, की लाकडाची रेषच दिसत नव्हती. स्पिरिटचा तिसरा बोळा फिरवल्यावर खालून मधासारखे पिवळसर सागवान वर आले आणि तो ओळखीचा, किंचित कातड्यासारखा वास सुटला. वरच्या फळीवर चहाच्या कपाचे एक काळे वर्तुळ होते. मी ते घासून काढले नाही, आणि आज त्या टीपॉयवर माझी नजर सर्वांत आधी तिथेच जाते. अशा लाकडाला फक्त मेण लागते. रंग लावावा तो प्लायवूडला, सनमायकाला आणि पाय सागवानी, फळ्या भलत्याच अशा मिश्र वस्तूंना.

रंगासाठी बाजारातल्या महागड्या डब्याची गरज नाही. तीन वाट्या मॅट इमल्शन, म्हणजे भिंतीला लावतात तो पाण्यात मिसळणारा, बिनचकाकीचा रंग, घ्यावे. एक वाटी व्हाइटिंग पावडर, म्हणजे खडूची भुकटी, अर्धी वाटी पाण्यात गुठळी न राहील अशी कालवून त्यात मिसळावी. हा रंग दाट, खडबडीत आणि चुन्यासारखा कोरडा दिसतो. सनमायकावर तो थेट धरत नाही. आधी 120 नंबरच्या पेपरने त्याची चकाकी पूर्ण मारावी आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर लावावा. सागवानाच्या पायांवर पांढरा रंग लावायचाच असेल तर आधी लाखेचा एक हात द्यावा, नाहीतर लाकडातला पिवळट-तपकिरी अंश आठ दिवसांत रंगातून वर येतो आणि डाग पडतात.

पहिला हात गेरूच्या रंगाचा द्यावा. तो सुकला की पांढरी मेणबत्ती घेऊन कडांवर जोरात घासावी, आणि त्यावर चुन्यासारख्या पांढऱ्याचा हात द्यावा. मेण लागलेल्या जागी पांढरा रंग धरत नाही. सुकल्यावर 220 नंबरचा पेपर हलकाच फिरवला की तेथून गेरू डोकावतो. मात्र मेण कुठे घासायचे, यावरच साऱ्या कामाची शोभा अवलंबून असते. हौशी माणूस सगळ्या कडा सारख्या झिजवतो, आणि वस्तू जुनी न दिसता उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते. खरे झिजणे नेमक्या जागी होते: खणाच्या मुठीभोवती, दाराच्या ज्या कडेला बोटे लागतात तेथे, खुर्चीच्या हातांच्या टोकाला, खालच्या आडव्या पट्टीवर जेथे पाय टेकतो तेथे आणि पायांच्या तळाशी जेथे फरशी पुसतानाचे ओले फडके लागते तेथे. पाठीमागे, वरच्या कोपऱ्यात किंवा बिजागरीच्या बाजूला कोणाचा हात जात नाही, म्हणून तेथे रंग अखंड राहू द्यावा. मी आधी ती वस्तू चार दिवस तशीच वापरतो आणि हात कोठे पडतो ते खडूने खूण करून ठेवतो.

तुटलेल्या फळीच्या जागी नवी आंब्याची फळी बसवली तर ती कोवळी, पांढुरकी आणि परकी दिसते. तिला जुनी छटा देण्यासाठी गंजलेले मूठभर खिळे काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये तीन-चार दिवस बुडवून ठेवावेत. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. आंब्याच्या लाकडात तुरटपणा कमी असतो, म्हणून आधी फळीवर कडक उकळलेल्या बिनदुधाच्या चहाचे दोन हात द्यावेत आणि ती सुकू द्यावी. मग खिळ्यांचे गाळलेले पाणी ब्रशने लावावे. चहातला तुरट अंश आणि लोखंड यांचा संयोग होऊन फळी काही मिनिटांत करडी, मग काळपट होत जाते. नेमकी छटा आधी लाकडाच्या तुकड्यावर पाहून घ्यावी, कारण चढलेला काळेपणा सहज उतरवता येत नाही.

शेवटचा हात मेणाचा. एक भाग मधमाशांचे मेण आणि तीन भाग जवसाचे तेल, भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवावे. थेट विस्तवावर ठेवू नये. थंड झालेला लेप सुती फडक्याने पातळ चोळावा आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढावा. ती तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. हा लेप उघड्या लाकडासाठी आहे. पांढऱ्या रंगावर तो पिवळा पडतो, तेथे पाण्यात मिसळणारे मॅट वॉर्निश वापरावे.

हे सर्व दिवाळीनंतर आणि होळीपूर्वी करावे. मी एकदा जुलैत घाई केली. बाहेर संततधार होती, घरातले कपडेही वाळत नव्हते, आणि मी एका कपाटाला तिसऱ्या दिवशी दुसरा हात दिला. पंधरवडा उलटला तरी रंग बोटाला लागत होता, खण चौकटीला चिकटले, आणि श्रावणात आतल्या बाजूला बुरशीचे करडे ठिपके आले. सगळा रंग खरवडून नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात करावी लागली. एप्रिल-मेच्या उन्हातही अंगणात रंगवू नये. रंग वरून लगेच सुकतो आणि ब्रशचे फराटे तसेच राहतात.

मुठींसाठी सोनेरी पितळेऐवजी लोखंडी कडी लावावी, किंवा जे आपल्या गावात मिळते ते वापरावे. ज्या कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. चपलेच्या कारागिराकडे त्याचे उरलेले तुकडे मागून पाहावेत. एक इंच रुंद आणि सहा इंच लांब पट्टी मधोमध दुमडावी, दोन्ही टोकांतून एकच भोक पाडावे आणि वायसर घालून आतून स्क्रूने आवळावी. हाताच्या घामाने ही पट्टी वर्षभरात गडद होते. पावसाळा तोंडावर आला की तिला खोबरेल तेलाचे बोट लावावे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागून वारा खेळता राहतो.