प्रोपार्जिल मूलक पकडण्याआधीची तयारी

प्रोपार्जिल (C₃H₃) हे क्षणभर टिकणारं मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला रेणूचा तुकडा. एका लेसरने तो तयार करायचा आणि दुसऱ्या, अवरक्त लेसरने मोजायचा. लेसरला हात लावण्याआधी कोणती वर्णरेषा, म्हणजे मूलक प्रकाश शोषतो ती ठरावीक जागा, बघायची ते ठरवा, बाकीची जुळवाजुळव त्यावरूनच ठरते. दोन प्रोपार्जिल मूलक एकमेकांना जोडले गेले की बेंझीन तयार होऊ शकतं, आणि ज्वालेतल्या काजळीची सुरुवात बरीचशी तिथूनच होते. या मूलकाच्या टोकाचा कार्बन-हायड्रोजन बंध ३३२२ प्रति सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ३ मायक्रॉनला अवरक्त प्रकाश शोषतो. त्यासाठी इंडियम अँटिमोनाइडचा डिटेक्टर लागेल. त्यात द्रव नायट्रोजन आधीच भरून तो नीट थंड होऊ द्या. सेलच्या, म्हणजे वायू भरायच्या भांड्याच्या, खिडक्या कॅल्शियम फ्लोराइडच्या घ्या, कारण त्यांतून अवरक्त किरण आणि १९३ नॅनोमीटरचा फोटोलिसिस (प्रकाशाने रेणू फोडणारा) लेसर दोन्ही पार जातात. झिंक सेलेनाइड इथे कामाचं नाही, ते अतिनील अडवतं.

सगळ्यात जास्त विचार पूर्वगामी संयुगाचा, म्हणजे जे फोडून मूलक मिळवायचं त्याचा, करा. प्रोपार्जिल ब्रोमाइड शुद्ध रूपात धक्क्याने स्फोट पावू शकतं, म्हणून ते टोल्युइनमध्ये मिसळून विकतात. पण टोल्युइनही १९३ नॅनोमीटरला फुटतं आणि बेंझिल मूलक देतं. म्हणजे मापायचं एक आणि सेलमध्ये दोन. माझ्या मते प्रोपार्जिल क्लोराइड बरं. शिवाय ब्रोमाइड आणि क्लोराइड दोन्हींची स्वतःची शोषणरेषा याच भागात येते. फोटोलिसिसनंतर पूर्वगामी संयुग कमी झालं की तिथे उलट्या दिशेचा सिग्नल दिसतो, तेव्हा मूलकाची रेषा तिच्यापासून अलग आहे ना, ते संथ स्कॅन घेऊन आधीच बघून ठेवा.

१९३ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये सुमारे ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. बंध तोडून उरलेली ऊर्जा तुकड्यांच्या कंपनात जाते, म्हणून टकरींमधून ती काढून घ्यायला हेलियम किंवा नायट्रोजन भरपूर हवा, आणि लेसरच्या स्पंदानंतरचा सुरुवातीचा भाग मोजणीत धरू नका. वायूचा प्रवाह इतका ठेवा की दोन स्पंदांमध्ये सेलमधला वायू पूर्ण बदलेल. नाहीतर आधीच्या स्पंदाची उत्पादनंच पुन्हा फुटतील. ऑक्सिजनशी अभिक्रिया मोजायची असेल तर ऑक्सिजन मूलकापेक्षा कितीतरी जास्त घ्या, म्हणजे मूलकाचा क्षय साधा घातांकी राहतो, ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा कमी होत जातो.

प्रकाशाच्या वाटेत कोरडा नायट्रोजन सोडा, बाष्पाच्या रेषा इथेही घुसतात. चष्मे दोन्ही लेसरांच्या तरंगलांबींचे हवेत. दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. शेवटी पूर्वगामी न सोडता एकदा लेसर चालवून बघा. तरीही सिग्नल आला तर तो मूलकाचा नाही.