जुनं नाव ठेवताय? मग या चुका टाळा

बारशाच्या आदल्या रात्री आमच्या यादीत तीन नावं उरली होती: मुकुंद, वामन आणि दामोदर. आई स्वयंपाकघरात भाजी परतत होती आणि अधूनमधून एकेक नाव मोठ्याने ओरडून बघत होती. "दामोदऽऽर, पानं वाढलीत!" "वामऽऽन, आंघोळीला चल!" बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं, आम्ही हसून बेजार. आज वाटतं, महिनाभराच्या चर्चेत कामाची गोष्ट काय ती तेवढीच झाली. नाव हाक मारायला असतं. जुन्या नावांच्या बाबतीत हे हमखास विसरायला होतं, कारण ती आपल्याला आधी भेटतात ती छापील: इतिहासाच्या पुस्तकात, रस्त्याच्या पाटीवर, नाही तर पणजोबांच्या पिवळ्या पडलेल्या पत्रिकेत.

"जुनं" म्हणजे नेमकं किती जुनं, हे न ठरवणं

संजय, राजेश, सुनील, मिलिंद ही नावं जुनी नाहीत, ती नुसती प्रौढ आहेत. या नावांचे काका, साहेब आणि शेजारी आपल्या आजूबाजूला हिंडत असतात, त्यामुळे बाळाला ती ठेवली की बाळच पन्नाशीचं वाटायला लागतं. कानाला नाव ताजं वाटायचं तर त्या नावाचं कुणी रोजच्या ओळखीत नसावं. म्हणून शोध आजोबांच्याही मागे न्यावा. यशवंत, बळवंत, भालचंद्र, मोरेश्वर, श्रीधर, सोपान, निवृत्ती, वासुदेव असा मोठा ऐवज तिथे पडून आहे.

उलटी चूकही होते. मल्हार आणि राघव जुनी नावं खरी, पण आता ती दुर्मीळ राहिलेली नाहीत. बालवाडीच्या दारात उभं राहून "मल्हार" म्हणा, दोन डोकी तरी वळतील. आणि फारच मागे गेलात तरी पंचाईत. इतिहासाचं वेड असलेल्या एका मित्राने आम्हाला देवगिरीच्या यादवांची यादी ऐकवली होती: भिल्लम, जैतुगी, सिंघण. बायकोने फक्त त्याच्याकडे पाहिलं. यादी तिथेच संपली.

हाक मारायचं रूप आधी न ठरवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

मराठी पोरं कुठलंही नाव अखंड ठेवत नाहीत. पांडुरंगाचा पांड्या, सदाशिवाचा सद्या, चिंतामणीचा चिंत्या, वामनाचा वाम्या. मोरेश्वराचा मोरू झाला तर आणखी एक गंमत: मोरू म्हणजे भोळसट, हे आपल्या भाषेत कधीचं पक्कं बसलंय. याला घाबरून नाव बदलायची गरज नाही, कारण "या" लावून बिघडत नाही असं नावच नसतं. अर्णवचाही अर्ण्या होतोच. पण घरात कोणती हाक रूढ करायची हे पहिल्या आठवड्यात ठरवा. तुम्ही ठरवली नाहीत तर आजूबाजूचे ठरवतील.

यात एक छुपा सापळा आहे. हौसेने "यशवंत" ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून "यश" म्हणायचं. वर्गात आधीच तीन यश असतात, हा चौथा. श्रीधरचा "श्री" होतो, विश्वनाथचा "विशू", आणि जुनं नाव उरतं फक्त प्रगतिपुस्तकावर. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते नाव कुणी उच्चारतच नसेल तर काय उपयोग? म्हणून शक्यतो पूर्ण म्हणता येईल असंच जुनं नाव निवडावं असं माझं मत आहे. मुकुंद, केशव, माधव, वामन, सोपान: तीन अक्षरं, जिभेला वळण नाही, छाटायचा मोह नाही.

घरातली हाक कागदावरच्या नावाला गिळते हे काही आजचं नाही. लोकमान्यांचं जन्मनाव केशव. घरात "बाळ" म्हणत, तेच इतिहासात गेलं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली जुनी रीत, पण सुनेने सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही हाही दंडक. मग आईने पोराला हाक मारायची कशी? नाना, तात्या, अण्णा, बापू अशा घरगुती नावांना यातूनही बळ मिळालं. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या नातवाचं नाव बाळाजीच, आणि आपण त्यांना ओळखतो नानासाहेब म्हणून. आता सुना सासऱ्यांचं नाव बिनदिक्कत घेतात. तरीही तान्ह्या बाळाला "ए वसंता" म्हणून रागावताना समोर सोफ्यावर सासरे वसंतराव बसलेत, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणून बघा आणि मगच ठरवा.

अर्थ उधारीवर घेणं

नावांच्या याद्यांमध्ये दर दुसऱ्या नावाचा अर्थ "देवाची देणगी" नाही तर "तेजस्वी" असा दिलेला असतो. जुन्या नावांचं बरं असतं की बहुतेकांची फोड करून बघता येते. दामोदर म्हणजे दाम आणि उदर, पोटाला दावं बांधलेला. लोणी चोरणाऱ्या कृष्णाला यशोदेने उखळाला बांधलं, ती गोष्ट अख्खी या नावात आहे. वामन म्हणजे ठेंगू. मूल उंचीला बेताचं निघालं तर टोमणा तयारच, पण तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाराही तोच. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र तो. शाळेत संस्कृत सुरू होईपर्यंत ही माहिती वर्गात पोचत नाही. आणि पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा, हे विटेवरच्या सावळ्या मूर्तीकडे बघत कितीदा म्हटलं असेल आपण.

अर्थ कळला नाही की अक्षरंही चुकतात. हृषीकेश म्हणजे हृषीक अधिक ईश, इंद्रियांचा स्वामी. त्याचा ऋषींशी संबंध नाही आणि केसांशीही नाही. तरी दाखल्यांवर "ऋषिकेश" सर्रास दिसतं.

मागे पडलेलं प्रत्येक नाव उचलणं

काही नावं मागे पडली ती कंटाळ्याने, काही मात्र कारणाने. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही मुलं जगत नसत त्या काळाची नावं आहेत. आधीची दोन-तीन गेली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे काळाची नजर जाणार नाही. शिवाय अशी नावं अनेकांवर वरून लादली गेली, आणि शिकलेल्या पिढीने ती जाणूनबुजून सोडली. धोंडो केशव कर्व्यांनी ते नाव मिरवलं, 1858 साली जन्मून 1958 साली भारतरत्न घेतलं, हे खरं. पण वेगळेपणाच्या हौसेपायी आज पोराला कचरू म्हणणं मला पटत नाही.

सूर्याजीसारखी नावं त्याहून चकवा देणारी. तानाजी पडल्यावर कोंढाण्यावर मावळ्यांना सावरणारा भाऊ सूर्याजी मालुसरे, आणि फितुरासाठी आपण जे नाव म्हणीसारखं वापरतो तेही सूर्याजीच. लोकांना आधी कोणता आठवतो हे दहा जणांना विचारून बघा.

पूर्ण नाव एकदाही न लिहिणं

आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव येतं, तेव्हा तिन्ही एका दमात म्हणून बघा. "गोविंद मिलिंद शिंदे" कविता होते. पण खरी अडचण वेगळी. समजा वडील रोहन आणि मुलगा पांडुरंग. पांडुरंग रोहन अमुक. हे वाचणाऱ्याला वाटतं की लिहिताना उलटापालट झाली, आणि तो बिचारा सद्भावनेने ती दुरुस्त करतो! आमच्या नात्यात एका मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर अशीच अदलाबदल झाली. आई कार्ड परत घेऊन गेली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "नक्की बाळाचंच नाव का हे?" तेव्हा फॉर्म दिल्यावर "वरचं मुलाचं, खालचं वडिलांचं" असं तोंडाने सांगा, आणि छापील प्रत तिथेच वाचून घ्या.

कागदाची घाई, स्पेलिंगची बेपर्वाई

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, पण त्या वेळी नाव पक्कं असलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते, आणि नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत मुभा असते. एकदा घातलेलं नाव बदलायला मात्र जोडे झिजतात. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधाराला धरला जातो. तेव्हा दोन महिने उशीर परवडला.

जुन्या नावांची रोमन लिपीत फार ओढाताण होते. त्र्यंबक: टी-आर-वाय की टी-आर-आय? ज्ञानदेव मराठी माणूस डी-एन-वायने लिहितो, हिंदीवाले जी-वायने. ळ तर रोमन लिपीत नाहीच, म्हणून गोपाळ राज्याबाहेर गोपाल होणार हे धरून चाला. अच्युत फार सुंदर नाव, ढळत नाही तो. पण हिंदी कानाला त्यातून भलताच शब्द ऐकू येऊ शकतो. एकच स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि आजोबा असोत की मामा, फॉर्म भरणाऱ्याला तेच बघून लिहायला लावा.

राशीच्या अक्षराबद्दल थोडक्यात. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून 108 अक्षरं. त्यात आर्द्रेच्या एका चरणाला ङ येतो, उत्तरा भाद्रपदेच्या एकाला ञ. ङ वरून नाव सुचवणारा गुरुजी मला अजून भेटायचाय. पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहारातलं वेगळं ठेवा. आपल्याकडे हे पूर्वापार चालत आलंय.

नाव ठेवून झालंय आणि आता अडलंय?

नातेवाईक नाक मुरडत असतील तर वाद घालू नका, सहा महिने थांबा. मूल हसायला लागलं की नाव त्याचं होतं आणि तक्रारी आपोआप विरतात. बाई वर्गात चुकीचा उच्चार करत असतील तर पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा, नंतर तोच पक्का होतो. दाखल्यावर आणि आधारवर अक्षरं वेगळी पडली असतील तर आधी जन्मदाखला नीट करा, बाकीचे कागद त्याबरहुकूम. आणि मुलालाच पुढे नाव आवडलं नाही, तर राजपत्रात जाहीर करून त्याला ते बदलता येतं. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले आणि कवितेखाली त्यांनी सही केली ती कुसुमाग्रज अशी. कुसुम या धाकट्या बहिणीचा थोरला भाऊ, एवढाच त्याचा अर्थ.