ताडोबाच्या बफरमधे होमस्टे सुरू करताय? आधी कोठा बघा, मग खोली

होमस्टे कसा सुरू करायचा असं विचारणारे खूप फोन येतात, बहुतेक बफरमधल्या, म्हणजे ताडोबाच्या मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या मोहर्ली, कोलारा, अलिझंझा इथल्या पोरांचे, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एसी लावू की कूलर. माझं सरळ उत्तर असतं की आधी शेजाऱ्याच्या गुरांच्या कोठ्याला दार आहे का ते बघा.

कारण सांगतो. आमच्याकडे पहिल्या सीझनला पाहुणे वाघ पाहून खुशीत परत आले आणि त्याच दिवशी शेजारच्या काकूंची गाभण गाय वाघाने नेली. धानाच्या बांदीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाय पडलेली, गळ्यातलं दावं तसंच, आणि काकू पदराने माशा हाकत बसलेल्या. मला एवढंच म्हणाल्या, "तुला वाघाचे पैसे भेटतात बाबा, मला काय?" त्या दिवसापासून हिशोब बदलला. प्रत्येक खोलीमागे ठरलेली रक्कम बाजूला काढतो आणि ती गावाच्या इको डेव्हलपमेंट कमिटीसमोर (वन विभागासोबत काम करणारी गावकऱ्यांची समिती), सगळ्यांच्या देखत मोजतो. तुम्हीही पहिल्या बुकिंगपासून हे करा, नंतर जमत नाही.

आता नुकसानभरपाईचं नीट समजून घ्या, कारण गावात पाहुण्यांमुळे जो दोन अक्षरं जास्त शिकतो त्यालाच लोक विचारायला येतात. जनावर मारलं गेलं तर 48 तासांच्या आत बीटगार्ड (आपल्या भागाचा वनरक्षक) किंवा जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. गाय, बैल, म्हैस असेल तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यातलं जे कमी ते मिळतं. माणूस गेला तर वारसांना 25 लाख. पैशाने माणूस परत येत नाही हे मलाही कळतं, पण कागद अडकला तर घर दुसऱ्यांदा मोडतं, म्हणून अर्ज भरायला सोबत जा. कुणाला फोन करायचा सुचत नसेल तर वन विभागाचा 1926 नंबर भिंतीवर मोठ्ठा लिहून ठेवा. आणि रागाच्या भरात मेलेल्या गुरावर विष टाकू देऊ नका.

रानडुकरांसाठी शेतात करंट सोडणं तर बिलकुल नको, त्यात वाघही मरतो आणि रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूसही मरतो. सोलरवरचं झटका मशीन घ्या, ते कुंपणाला फक्त झटका देतं, जीव घेत नाही. बफरमधल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण आणि गॅससाठी मदत आहे, ग्रामसभेत विचारा. गॅस आला की सरपणासाठी जंगलात जाणं कमी होतं, आणि आमच्याकडचे कितीतरी हल्ले सरपण आणि मोहफुलं वेचतानाच होतात. बाई पहाटे वाकून मोह वेचत असते, झुडपाआडून वाघाला ती माणूस म्हणून दिसतच नाही. म्हणून मार्च-एप्रिलमधे एकटीने जायचं नाही, घोळक्याने आणि उजाडल्यावर जायचं, आणि कुणीतरी एक उभं राहून बोलत राहायचं.

पाहुण्यांच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उष्टं. कोंबडीची हाडं मागच्या दारी फेकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, तो तुमच्याकडे नाही तर लेकरं खेळतात त्या गल्लीत येतो. खड्डा खणा, झाकण ठेवा. संडास खोलीला लागूनच पाहिजे, वाटेवर दिवा पाहिजे, अंधार पडल्यावर पाहुण्याच्या पोरांनी अंगणाबाहेर जायचं नाही हे आल्याआल्या सांगा, वाईट वाटलं तरी चालेल. शेतात वाघ बसलाय असं कळलं तर पाहुण्यांना दाखवायला नेऊ नका, लोकेशन ग्रुपवर टाकू नका, गर्दीने वाघ बिथरतो आणि मग समोर जो सापडेल तो जातो. पीआरटीच्या, म्हणजे गावातल्या प्राथमिक प्रतिसाद पथकाच्या पोरांना कळवा आणि दूर राहा.

जेवणासाठी शहरातून आचारी आणू नका. लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, घरचा भात, हे गावातल्याच दोन घरांकडून घ्या, दर महिन्याला घर बदला. जिप्सी आणि गाईडही गावातलाच. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या, त्याला फार डोकं लागत नाही. मंगळवारी पार्क बंद असतो, त्या दिवशी बुकिंग घेऊच नका. मी त्या दिवशी काकूंच्या कोठ्याची जाळी तपासतो, आतून लोखंडी, वरून पण बंद, कारण बिबट्या कौलांवरूनही उतरतो.