लॅम्बर्ट-ईटनची तपासणी: दहा सेकंद पुरता जोर लावा

बेळगावात नसांच्या तपासणीच्या मशीनवर मी टेक्निशियन आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडून चंदगडची माणसंही येतात. उकिडवं बसलं की उठवत नाही, बसची पायरी चढवत नाही, तोंड सारखं कोरडं पडतं, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. असं असलं की डॉक्टर लॅम्बर्ट-ईटनच्या शंकेने आरएनएस लिहून देतात. यात नसेला ठराविक गतीने करंट देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात.

या दुर्मीळ आजारात शरीरातल्याच अँटिबॉडी नसेच्या टोकावरच्या कॅल्शियमच्या वाटा अडवतात. मग स्नायूला हलवणारं अ‍ॅसिटिलकोलिन कमी सुटतं. जोर लावला की टोकाशी कॅल्शियम साठतं आणि थोडा वेळ अ‍ॅसिटिलकोलिन जास्त सुटतं. हापशीचे पहिले हात कोरडे जातात आणि मग पाणी येतं, तसंच हे.

येताना हाताला तेल-क्रीम नको. पेसमेकर असेल तर आधी सांगा. पायरिडोस्टिग्मिनची (स्नायूंना बळ देणारी) गोळी साधारण १२ तास आधी थांबवतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर स्वतःहून मुळीच बंद करू नका. हात ऊबदार हवा, त्वचा निदान ३२ अंश. गार हातात दोष लपतो. थंडीत पहाटेच्या गाडीने आलेल्यांचे हात मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकून घेते. आणि बाहेर बसल्यावर मुठी आवळत राहू नका, पिशव्या उचलू नका. पहिलं माप पूर्ण विश्रांतीतलं लागतं.

मनगटावर करंट देतात, करंगळीच्या बाजूच्या स्नायूवर पट्ट्या चिकटवतात. पहिल्या झटक्याला स्नायूच्या प्रतिसादाची पडद्यावर दिसणारी उंची या आजारात फार कमी येते. मग सेकंदाला ३ झटके. उंची आणखी उतरते. पण ती मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या दुसऱ्या आजारातही उतरते, म्हणून इथे थांबून चालत नाही.

खरी तपासणी पुढची. करंगळी बाहेरच्या बाजूला १० सेकंद पूर्ण ताकदीने ढकलायची, मी बोटाने अडवून धरते. ‘सोडू नका, बिडब्याड्री!’ असं मी मराठी-कन्नडमध्ये ओरडते, त्याचा राग मानू नका. सोबत आलेल्यांनीही ‘हळू गं आई’ म्हणू नये, अर्धवट जोराने निदान चुकतं. जास्त वेळही ताणायचं नाही, जोराने उंचीत आलेली वाढ ओसरते. हात सोडला की लगेच पुढचा झटका. उंची १ मिलिव्होल्टवरून २.५ वर गेली तर वाढ १५० टक्के झाली. पूर्वी १०० टक्के हवीच म्हणत, आता ६० टक्क्यांच्या वरची वाढही धरतात. ज्यांना जोर लावताच येत नाही, त्यांनाच सेकंदाला २० ते ५० झटके देतात. ते फार दुखतं.

रिपोर्टवर जोराच्या आधीची आणि नंतरची उंची आकड्यात आहे का बघा. नसेल तर ‘१० सेकंदांचा जोर लावून बघितलं का?’ हे विचारा, संकोच करू नका. नुसत्या पहिल्या उंचीवर हा नसांचा किंवा स्नायूंचा वेगळाच आजार समजला जाऊ शकतो.

आणि निदान पक्कं झालं तर छातीचा सीटी स्कॅन टाळू नका. या रुग्णांत निम्म्याच्या आसपास लोकांना फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग निघतो, विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त. निपाणीकडच्या तंबाखूच्या गावांतून आलेल्यांना मी हे मुद्दाम सांगते. पहिला स्कॅन साफ आला तरी डॉक्टर साधारण २ वर्षं ठराविक अंतराने तो परत करायला सांगतात. त्या तारखा चुकवू नका.