टाइप रेटिंग ते लाइन चेक: नव्या फर्स्ट ऑफिसरनी या चुका टाळा

एअरलाइनचं ऑफर लेटर आलं की घरात पेढे वाटले जातात, व्हॉट्सॲपला स्टेटस लागतं. पुढे असतं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवायची परवानगी मिळवून देणारं ट्रेनिंग, आणि शेवटी लाइन चेक, म्हणजे प्रवाशांसकट नेहमीच्या उड्डाणावरची परीक्षा. ती पास झाली की फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. मग जॉइनिंगपर्यंतचे आठवडे पोरं एकतर गावाला जाऊन झोपा काढतात, नाहीतर यूट्यूबवर लँडिंगचे व्हिडिओ बघत बसतात. झोप काढायला हरकत नाही, पुढे मिळणार नाही. पण छोट्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीत नव्या वैमानिकाचं ट्रेनिंग अडतं ते बहुतेक वेळा विमान अवघड असतं म्हणून नाही. एकट्याने, मुकाट्याने, परीक्षेच्या पद्धतीने अभ्यास केल्यामुळे अडतं. शिवाय काही फालतू कारणं असतात, ती आधी उरकून टाकू. उदाहरणं एटीआर ७२-६०० ची, म्हणजे दोन पंख्यांच्या इंजिनांच्या प्रवासी विमानाची, घेतली आहेत. दुसऱ्या विमानावर जाणार असाल तर बटणं बदलतील, चुका त्याच राहतील.

नावाचा घोळ जॉइनिंगआधी मिटवा

आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर कधी वडिलांचं नाव गायब, कधी ‘श्रीकांत’चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं. एरवी यावाचून काही अडत नाही. पण डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) ईजीसीए हे ऑनलाइन प्रोफाइल, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, रेडिओ वापरायचं लायसन्स एफआरटीओएल, मेडिकल आणि विमानतळाचा प्रवेश पास या सगळ्यांवरची नावं जुळवून पाहिली जातात. पास अडकला की रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, जाता येत नाही, आणि बॅच पुढे निघून जाते.

सगळे कागद एका टेबलावर पसरा आणि अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक सापडला तर एचआरला पहिल्याच दिवशी सांगा. कुठे प्रतिज्ञापत्रावर भागतं, कुठे राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. क्लास वन मेडिकलची तारीखही बघून ठेवा. चाळिशीच्या आतल्यांना ते १२ महिने चालतं. ट्रेनिंगच्या मधोमध संपणार असेल तर आधीच उरका. पोलीस पडताळणीसाठी भाड्याच्या खोलीचा करार हवा, ‘काकांकडे राहतो’ हे चालत नाही. आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार, वाचा. सही करण्याआधी, शेवटच्या पानापर्यंत.

डोंबिवलीहून रोज?

घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका, हे नकाशावर सोपं दिसतं. जुलैत मध्य रेल्वे रखडली की कळतं. पश्चिम उपनगरांतून गाडीने येणाऱ्यांसाठी अंधेरीचा सबवे आहेच, पहिल्या जोरदार पावसात बंद. ग्राउंड क्लासमध्ये उशिरा येणाऱ्याची नोंद होते, आणि ती नोंद ट्रेनिंग फाइलमध्ये राहते. मरोळ, चकाला किंवा विलेपार्ल्यात दोन-तीन महिन्यांसाठी खोली घ्या, तीही बॅचमेटबरोबर. भाडं वाटून घेणं हा त्यातला छोटा फायदा झाला. मोठा फायदा पुढे सांगतो.

मुख्य चूक: प्रश्नसंच पाठ करणं

डीजीसीएच्या पेपरांनी आपल्याला एक सवय लावलेली असते. जुने प्रश्न जमवायचे, उत्तरं घोकायची, ७०% मिळवायचे, विषय संपला. एअरलाइनमध्येही लेखी परीक्षा असतात आणि प्रश्नसंच तिथेही फिरतात. त्याने पेपर निघतो, पण तोंडी परीक्षेत इन्स्ट्रक्टर एकच ‘का’ विचारतो आणि सगळं कोसळतं.

एक उदाहरण बघा. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं जादा इंजिन, नसतो. जमिनीवर वीज आणि हवा हवी म्हणून एक इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने अडवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. प्रॉप ब्रेक कोणत्या इंजिनाला? ‘दोन नंबरच्या’, हे सगळ्यांना पाठ असतं. पण उजव्यालाच का? प्रवासी मागच्या डाव्या दाराने चढतात, सामान पुढच्या डाव्या दाराने भरतात, म्हणजे माणसांची वर्दळ सगळी डावीकडे. एवढं कळलं की ‘दोन नंबर’ पाठ करावं लागत नाही, आणि हॉटेल मोडच्या बाकीच्या मर्यादाही कशासाठी आहेत हे डोक्यात बसतं. प्रत्येक सिस्टिमबद्दल असा एक तरी ‘का’ स्वतःला विचारा. सगळ्यांची उत्तरं मिळणार नाहीत. जी मिळणार नाहीत ती वहीत लिहून दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारा. प्रश्न विचारणारा मठ्ठ ठरत नाही. इन्स्ट्रक्टरला तो आवडतो, कारण उरलेल्यांचा डोळा जेवणाच्या सुट्टीवर असतो.

तोंड बंद ठेवून केलेली तयारी

याहून महागात पडणारा प्रकार म्हणजे फ्लो आणि कॉलआउट (एकमेकांना मोठ्याने द्यायच्या ठरलेल्या हाका) मनातल्या मनात वाचणं. फ्लो म्हणजे कोणता स्विच कोणत्या क्रमाने बघायचा किंवा लावायचा, ते हाताने आणि आठवणीने. चेकलिस्ट त्यानंतर येते, एकाने वाचायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, काही राहिलं का ते पकडायला. ज्यांचा फ्लो कच्चा असतो ते चेकलिस्ट वाचत वाचत स्विच लावत जातात. मग पकडायला काही उरतच नाही.

म्हणून बॅचमेटबरोबर खोली. कॉकपिटचं पोस्टर खऱ्या मापात छापून भिंतीला लावा आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी-शेजारी ठेवा. मरोळच्या एका खोलीत साताऱ्याचा मुलगा आणि नागपूरची मुलगी असा सराव करताना मी पाहिलाय. शेजारी बॅचचे आणखी दोघे चहा पीत चुका मोजत होते. तो ‘फ्लॅप्स फिफ्टीन’ (कमी वेगात विमान धरून ठेवायला पंखांच्या मागच्या पट्ट्या १५ वर) म्हणाला आणि हिने वेग न बघताच पोस्टरवरच्या फ्लॅपच्या दांड्यावर हात ठेवला. ‘थांब गं, स्पीड?’ तो म्हणाला. हिने हात मागे घेतला, वेगाच्या आकड्यावर बोट ठेवलं, मोठ्याने ‘स्पीड चेक्ड, फ्लॅप्स फिफ्टीन’ म्हटलं आणि मग दांड्यापर्यंत हात नेऊन, त्याच्याकडे बघून, सरकवल्यासारखं केलं. एवढ्यासाठी तेच पुन्हा पाच वेळा. घरमालकीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं, ‘भांडण झालंय का रे?’

हे नाटक वाटतं खरं. पण १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ उतरता उतरता पडलं आणि विमानातले सगळे ७२ जण गेले. उडवणाऱ्या वैमानिकाने फ्लॅप्स ३० मागितले होते. दुसऱ्याचा हात शेजारच्या, पंख्यांची पाती नियंत्रित करणाऱ्या कंडिशन लिव्हर्सवर गेला, दोन्ही पंखे फेदर झाले (पाती वाऱ्याच्या दिशेने वळली) आणि पुढे ढकलणारी ताकदच संपली. फ्लॅप हलले नाहीत हे वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. हलवण्याआधी बघणं, बघितलेलं बोलणं आणि हलवल्यावर खरंच हललं का ते पुन्हा बघणं ही सवय सिम्युलेटरमध्ये लागत नाही. ती आधी खुर्चीत लागावी लागते.

कॉलआउट कंपनीच्या पुस्तकात जसे आहेत तसेच बोला. ‘अर्थ तोच आहे ना’ हा युक्तिवाद करू नका, समोरच्याचे कान त्याच शब्दांची वाट बघत असतात. आणि ‘आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये असं करायचो’ हे वाक्य तर काढूच नका.

सिम्युलेटरमध्ये घाई

एटीआरचं फुल फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे बहुधा मुंबई सोडून जाणं आलं, कधी थेट परदेशात. सेशन चार तासांचं, आधी ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग, आणि स्लॉट रात्री दोनचाही मिळतो. स्लॉटच्या दोन दिवस आधीपासून झोप सरकवत न्या. रात्री दोनला कॉफीवर बसलेला माणूस पहिल्या तासात ठीक असतो, तिसऱ्यात नाही.

पंख्याच्या विमानात एक इंजिन गेलं की विमान जोरात एका बाजूला ओढतं. नव्यांचा हात लगेच लिव्हर्सकडे जातो. आधी पाय. रडरने दिशा धरा, नाक सांभाळा, गिअर वर घ्या. बहुतेक कंपन्यांच्या एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) ४०० फुटांखाली याहून जास्त काही करायचं नसतं. त्यानंतरसुद्धा कोणतं इंजिन ते दोघांनी मिळून ओळखायचं, आणि एकाने लिव्हरवर हात ठेवून दुसऱ्याने ‘कन्फर्म्ड’ म्हटल्याशिवाय काही मागे ओढायचं नाही.

४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० ने उड्डाण केल्यावर उजव्या बाजूचा पंखा ऑटोफेदर, म्हणजे आपोआप फेदर झाला. कॅप्टनने डावं, ठणठणीत इंजिन मागे ओढलं आणि नंतर बंद केलं. चूक लक्षात येईपर्यंत उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ जण गेले. तो कॅप्टन काही नवशिका नव्हता. दुसऱ्याच्या ‘कन्फर्म्ड’साठी थांबलेले दोन सेकंद फुकट जात नाहीत.

आणखी एक रोग म्हणजे ‘सॉरी सर’. चूक झाली, ‘सॉरी सर’ म्हटलं, डोकं त्या चुकीतच अडकलं आणि तेवढ्यात पुढची उंची ओलांडली. चूक झाली तर ‘करेक्टिंग’ म्हणा, दुरुस्त करा आणि पुढे चला. माफी डीब्रीफिंगमध्ये मागता येते, तिथे वेळच वेळ असतो.

सिम पार्टनर तुमचा प्रतिस्पर्धी नाही. तो उडवत असताना तुमचंही मूल्यमापन चालू असतं, फक्त पायलट मॉनिटरिंग, म्हणजे न उडवता लक्ष ठेवणारा वैमानिक, म्हणून. त्याचा वेग घसरला आणि तुम्ही गप्प बसलात तर लाल शेरा दोघांच्या फाइलमध्ये जातो.

‘सर’ला कसं टोकायचं

आपल्याकडे हे खरोखर अवघड आहे. लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे प्रवाशांसकट उडताना होणाऱ्या ट्रेनिंगमध्ये, शेजारचा कॅप्टन वडिलांच्या वयाचा असतो. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून मनावर बिंबवलेलं, आणि इथे ‘स्पीड’, ‘अनस्टेबल, गो अराउंड’ (उतरणं सोडून पुन्हा वर चला) असं थेट म्हणायचं. आवाज बारीक होतो, वाक्याच्या शेवटी ‘सर?’ असं प्रश्नचिन्ह येतं. कॉलआउटमध्ये ‘सर’ नसतो, हे खुर्चीतल्या सरावातच पक्कं करा. दोनदा हाक देऊनही कॅप्टनकडून प्रतिसाद आला नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ (विमान आता मी उडवतो) म्हणायचंय, हेही पार्टनरबरोबर मोठ्याने बोलून बघा. पहिल्यांदा हसू येतं, येऊ द्या.

सर्दीचं औषध आणि ब्रेथ ॲनलायझर

उड्डाणाआधीच्या ब्रेथ ॲनलायझरमध्ये शून्यच यावं लागतं. पहिल्यांदा सापडलात तरी लायसन्स तीन महिने निलंबित. पार्टी न करणारी मुलं इथे गाफील राहतात. घरातल्या द्राक्षासवात, दशमूलारिष्टात, होमिओपॅथीच्या टिंक्चरमध्ये, खोकल्याच्या काही औषधांत आणि काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. डीजीसीएच्या नियमात माउथवॉशचा उल्लेख आहेच. आजीने प्रेमाने दिलेली बाटली कपाटात ठेवा, आणि औषध लागलंच तर कंपनीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

मुंबईच्या रेडिओवर

मुंबईचे दोन रनवे, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरला जातो. त्या एकावर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली होती. कंट्रोलरला तुमचं वाक्य दोनदा ऐकायला फुरसत नसते. मुंबई–कोल्हापूर हवेत तासभरसुद्धा नाही. तेवढ्यात वर जाणं, ब्रीफिंग, हवामान घेणं आणि उतरणं. जो आधीच तयारी करून बसतो तोच टिकतो.

रनवे, होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबा), उंची, हेडिंग (दिशा), वेग, स्क्वॉक (रडारवर ओळखण्याचा कोड), क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) हे सगळं पुन्हा बोलून दाखवायचं असतं. तिथे नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. ‘होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन’ ऐकलं की तेच शब्द आणि तुमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमच्या विमानाचं नाव. कळलं नाही तर अंदाज बांधू नका, ‘से अगेन’ म्हणा. ओरडा बसेल, फार तर.

मागे पडलात तर

दोन सेशन सलग वाईट गेली की पोरं गप्प होतात आणि तिसरं आपोआप नीट जाईल अशी आशा धरून बसतात. असं होत नाही. डीब्रीफिंगनंतर आपली फाइल मागून वाचा. शेरा ‘इंजिन फेल्युअर कमजोर’ असा मोघम असेल तर नेमकं विचारा: दिशा सुटली, की कॉल चुकले, की चेकलिस्टला उशीर झाला? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्याला सिममध्येच वेळ हवा, बाकीचे दोन मरोळच्या खुर्च्यांवर सुटतात. जादा सेशन लागणार असं वाटलं तर चेकच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी मागा. ट्रेनिंग विभागाला स्लॉट शोधायलाच तेवढे दिवस लागतात.