डोळे वाहणाऱ्या सशासाठी गवतातली धूळ कशी काढावी

सशाच्या डोळ्यातून पाणी येतंय आणि गवताच्या पिशवीत हात घातला की भुरा उडतोय, असं दिसलं की बरेच जण गवतच बंद करून टाकतात. ते करू नये. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. लांब काडी चघळताना जबडा आडवा फिरतो आणि त्यातूनच दाढा झिजतात. गवत थांबलं की दाढा वाढतात, त्यांची मुळं आत सरकतात आणि डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी दाबली जाते. डोळ्यासाठी म्हणून गवत तोडलं, तर पुढे डोळा जास्तच वाहायला लागतो. पाकिटातल्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) गवताच्याच असल्या तरी त्या तोंडात लगेच चुरतात, त्यामुळे दाढा झिजवण्याचं काम त्यांच्याकडून होत नाही.

धुळीचा त्रास सशाला इतका का होतो, हे त्याच्या डोळ्याकडे पाहिलं की कळतं. डोळे मोठे, बाजूला आणि बाहेर आलेले. पापणी तासाला जेमतेम १०-१२ वेळा लवते, त्यामुळे आत गेलेला कण बराच वेळ आतच राहतो. माणसाच्या प्रत्येक डोळ्याला पाणी वाहून जायला दोन छिद्रं असतात, सशाला खालच्या पापणीत एकच. त्यामागची नळी अरुंद आणि वळणाची. तिथे धूळ आणि चिकट स्राव साचला की पाणी गालावर उतरतं, केस भिजतात, गळतात आणि खालची कातडी लाल होते. शिवाय गवताच्या तुऱ्यात कुसळं असतात. म्हणीतलं कुसळ इथे खरोखरच डोळ्यात जातं, पापणीमागे अडकतं आणि बुबुळावर ओरखडे काढतं.

विकत घेतानाच निम्मं काम

दुकानात या सुक्या गवताला इंग्रजीतलं ‘हे’ (hay) म्हणतात, त्यामुळे मागताना जरा गंमत होते. टिमोथी असो वा ओटचं, पारदर्शक पिशवीतलं घ्यावं आणि पिशवीचा तळ बघावा. तळाशी बोटभर जाडीचा चुरा असेल तर ती पिशवी ठेवून द्यावी. काडी लांब, रंग हिरवट, वास सुकलेल्या कुरणासारखा हवा. घट्ट दाबलेल्या ठोकळ्यात काड्या मोडतात, म्हणून त्यात भुरा जास्त निघतो. तुरे फार असलेलं गवत डोळे अधू असलेल्या सशाला नकोच.

धूळ आणि बुरशी यांत गल्लत करू नये. मातीची धूळ तपकिरी असते आणि झटकली की खाली बसते. बुरशीचा भुरा राखाडी-पांढरा असतो, धुरासारखा वर तरंगतो आणि कोंदट वास येतो. असं गवत चाळून, धुऊन किंवा उन्हात टाकून सुधारत नाही. सरळ फेकावं. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा प्रकार फार होतो. त्या काळात सहा महिन्यांचा साठा करू नये, दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणावं. घरी प्लास्टिकमध्ये गच्च बांधून न ठेवता सुती पिशवीत किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवावं.

भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण तो खरखरीत, कसहीन आणि धुळकट असतो. ज्वारीचा कडबा सशाला फार जाड पडतो. कोवळी हिरवी ज्वारी तर मुळीच देऊ नये. तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो. सहा-सात महिन्यांच्या पुढे त्यातलं कॅल्शियम मूत्राशयाला जड जातं.

चाळणं

पाखडू नये. सुपात पाखडलं की सगळी धूळ आपल्या तोंडावर येते आणि लांब काड्या सुपाबाहेर पडतात. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची जाळी मिळते, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरची भोकं. दोन फूट लांब तुकडा घेऊन लाकडी चौकटीवर किंवा भाजीच्या क्रेटच्या तळाशी बसवावा आणि तारेची टोकं आत वळवून घ्यावीत. पिठाच्या चाळणीतून फक्त माती पडते, तुकडे आणि कुसळं वरच राहतात. फार मोठ्या भोकांतून चांगली काडीही जाते.

हे काम गच्चीत किंवा बाल्कनीत, ससा दुसऱ्या खोलीत दार लावून असताना करावं. नाकाला मास्क लावावा. खाली ओलं वर्तमानपत्र किंवा जुनी ओली चादर अंथरावी, म्हणजे पडलेला भुरा तिथेच चिकटतो. एका वेळी २००-२५० ग्रॅमच गवत घ्यावं. जास्त घेतलं तर वरचा थर नुसता हलतो आणि धूळ आतच राहते. गवत बोटांनी मोकळं करून क्रेट दोन मिनिटं आडवा हलवावा, गवत उलटावं, पुन्हा दोन मिनिटं. दाबून चोळू नये, काड्या मोडून नवा भुरा तयार होतो. मग मूठ-मूठ उचलून तुरे आणि काटेरी काड्या हाताने काढाव्यात. आठवड्याचं गवत एकदम चाळून ठेवलं तरी पिशवीत हाताळताना थोडा भुरा पुन्हा सुटतो, म्हणून देण्याआधी एकदा झटकावं.

ओलावा

चाळल्यावर उरते ती बारीक धूळ, आणि डोळ्याला तीच जास्त खुपते. ती उडू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे पाणी. बारीक फवाऱ्याच्या बाटलीने मूठभर गवतावर चार-पाच फवारे मारावेत आणि हाताने उलटसुलट करावं. काडी ओलसर लागली पाहिजे, थेंब गळता कामा नयेत. पाण्यात अत्तर, लिंबू, कडुनिंबाचा अर्क असलं काही घालू नये.

डोळे फारच लाल असतील तर गवत स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं बुडवून, झटकून, चाळणीत निथळून द्यावं. तासन्‌तास भिजत ठेवलं तर त्यातलं सत्त्व पाण्यात जातं आणि वास बदलल्याने ससा तोंड लावत नाही. ओलं गवत दोन-तीन तासांत संपेल इतकंच द्यायचं. उरलेलं टाकायचं, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. वाळवून परत पिशवीत टाकलं की बुरशी ठरलेलीच. काही ससे ओल्या गवताकडे पाहतही नाहीत. तेव्हा निम्मं कोरडं चाळलेलं आणि निम्मं ओलसर असं मिसळून सुरुवात करावी.

ताजं गवत हा धुळीवरचा सगळ्यात नैसर्गिक उतारा. आपली हरळी, म्हणजे दूर्वाच, सशाला उत्तम. मात्र फुलवाल्याकडच्या जुड्यांवर अवलंबून राहिलं तर सशापेक्षा खिसाच आधी दमेल. फवारणी नसलेल्या, कुत्री फिरकत नाहीत अशा जागेची हरळी कापून, धुऊन द्यावी. आधी सवय नसेल तर मूठभरापासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवावी, नाहीतर पोट बिघडतं. मशीनने कापलेलं लॉन नको, ते लगेच गरम होऊन आंबतं.

गवत ठेवायची जागा

इथे सर्रास चूक होते. पिंजऱ्याच्या वर टांगलेल्या जाळीतून ससा मान वर करून काडी ओढतो आणि सगळा भुरा थेट डोळ्यात पडतो. गवत हनुवटीच्या खाली हवं. उथळ ट्रेमध्ये ८-१० सेंटिमीटर थर पुरतो. ढीग उंच असेल तर ससा त्यात डोकं खुपसतो आणि काड्या डोळ्याला टोचतात. पुठ्ठ्याच्या नळीत किंवा चेंडूत गवत कोंबून देण्याची हौस डोळा बरा होईपर्यंत बाजूला ठेवावी. ट्रे छताच्या पंख्याखाली ठेवू नये.

शी-शूच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा किंवा मांजरांची गोळे होणारी माती नको, दोन्हींची धूळ गवतापेक्षा वाईट. कागदाच्या पेलेट्स किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या वापराव्यात आणि रोज बदलाव्यात. लघवीतून सुटणाऱ्या अमोनियानेही डोळे चुरचुरतात, आणि दोष मात्र गवताला दिला जातो. पिंजऱ्याशेजारी झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. उदबत्ती, धूप आणि मच्छर अगरबत्ती त्या खोलीत लावूच नये.

डोळा पुसताना आणि धूळ हे कारण नसताना

औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांची निर्जंतुक सलाईन मिळते. तिने भिजवलेल्या स्वच्छ गॉझने आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसावं, प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. गालावरचे केस पुसून कोरडे करावेत. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नये. घरातले माणसांचे थेंब घालू नयेत: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलेल्या थेंबांनी बुबुळावरची जखम चिघळते. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन तर सशाच्या जिवावर बेततं.

धुळीचा त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, पाणी स्वच्छ असतं, आणि वरचे बदल नेटाने केले तर आठवड्याभरात फरक दिसतो. एकाच डोळ्यातून दुधासारखा पांढरा स्राव येत असेल तर संशय दातांच्या मुळांवर घ्यावा. तिथे डोक्याचा एक्स-रे लागतो आणि नळी डॉक्टरच धुतात. डोळा मिटलेला, बुबुळ धुरकट किंवा डोळा पुढे आलेला असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. बुबुळावर जखम आहे का, हे ते फ्लुरोसीनच्या रंगाने पाहतात. शिंका आणि पुढच्या पंज्यांवर चिकट, गुंता झालेले केस दिसले तर नाकातही संसर्ग असू शकतो. १२ तास काही खाल्लं नाही, तर डोळ्याआधी पोटाची काळजी करावी.

जाताना रोजचं गवत मूठभर पिशवीत घालून न्यावं. डॉक्टरांना ते बघता येतं आणि सशाला वाटेत खाता येतं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भूल द्यायची असली तरी कुत्र्या-मांजरासारखं त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं.