विसार देण्याआधी: कोकणातल्या जुन्या कौलारू घराचा हिशेब

घर पाहायला मे महिन्यात जाल तर कोकणातलं कुठलंही जुनं घर ठणठणीतच दिसेल. जुलैत जा, तेही दोन-तीन दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर. बरोबर बॅटरी, टेप आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. मे महिन्यात मुद्दाम पाहावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे विहिरीचं पाणी.

सुरुवात छपरापासून करावी, कारण सर्वात मोठा खर्च तिथे असतो आणि तोच विकणारा 'चार कौलं बदलली की झालं' म्हणून उडवून लावतो. आधी अंगणात लांब उभं राहून आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, रेघ पाहा. मधे झोळ असेल तर दोष कौलांचा नाही, खालच्या लाकडाचा आहे. मग माळ्यावर चढून प्रत्येक वाशाचं (कौलांखालच्या तिरक्या लाकडाचं) भिंतीवर टेकलेलं टोक तपासा. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच शिरतात. स्क्रूड्रायव्हर जोर न लावता अर्धा इंच आत गेला किंवा लाकूड ठोकल्यावर बद्द वाजलं, तर तो वासा बाद धरा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. खाली पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला तर लाकूड पोखरणारा भुंगा.

कौलांचा हिशेब जमिनीच्या मापावर करू नका. पागोळीपर्यंतचं, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंतचं, माप धरून घर ३० बाय ४० फूट असेल तर तळ १२०० चौरस फूट होतो, पण छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर प्रत्यक्ष क्षेत्र साधारण १५ टक्क्यांनी वाढून १३८० च्या आसपास जातं. मंगळोरी कौलं १०० चौरस फुटांना सुमारे १४० लागतात, म्हणजे साडेएकोणीसशेच्या आसपास. फुटतुटीचे १० टक्के धरून २१५० मोजा. जुनी चांगली कौलं धुऊन वापरता येतात, मात्र नवी त्यांच्यात मिसळू नका: साचा वेगळा असला की खाचा बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. छपराच्या एका उतारावर, म्हणजे पाख्यावर, सगळी जुनी, दुसऱ्यावर सगळी नवी असं केलेलं बरं.

भिंतींकडे पाहताना जोत्यापासून दोन-तीन फुटांचा पट्टा बघा. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत मातीत रचलेली असते आणि जमिनीची ओल वर ओढते. मागच्या कुणी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ती ओल कोंडते, मग पोपडे आतल्या बाजूने निघतात. अशा भिंतीला रंगाचा खर्च धरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. सिमेंट उतरवणं, चुन्याचा गिलावा, आणि त्याआधी पागोळीचं पाणी जोत्यापासून लांब नेणारं गटार, अशा तीन वेगळ्या रकमा लिहा.

वायरिंग जुनं असेल तर दुरुस्तीचा विचारच नको, पूर्ण नवं धरा. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) त्यात हवाच. नवा संडास घरात आणायचा असेल तर शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब बसतो का ते टेप लावून बघा. लहान आवारात बसत नाही, आणि हे लोकांना सहसा खरेदीनंतर कळतं.

रस्ताही मोजा. घरापर्यंत टेम्पो येत नसेल, नुसती पाखाडी (दगडी पायवाट) असेल, तर तीसेक किलोचा एकेक चिरा डोक्यावरून न्यावा लागतो. वाहतुकीची मजुरी मग वेगळी मांडावी लागते.

कागदांत ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा वकिलाचा शोध अहवाल घ्या. सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत भावंडांची नावं निघणारच. सगळ्यांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्रं जमेपर्यंत विसार देऊ नका. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर आधी वकील गाठा. समुद्राजवळ, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर सीआरझेडमध्ये (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) काय बांधू देतात तेही विचारा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

दर घेताना सुताराचं काम रोजंदारीवर ठेवा, कारण कौलं उतरवल्याशिवाय किती वासे गेलेत ते त्यालाही सांगता येत नाही. ठोक घेतलं तर तो एक तर भीतीपोटी दुप्पट सांगतो नाहीतर कुजलेलं टोक तसंच झाकतो. फरशी, नळकाम ठोक चालेल. एकूण बेरजेवर २० टक्के वर धरा, आणि ही पूर्ण रक्कम समोर ठेवूनच किमतीची बोली लावा. छपराला हात दिवाळीनंतर घाला. मार्चनंतर उघडलेलं छप्पर मृगाच्या आत मिटेलच असं नाही, आणि ताडपत्रीखाली काढलेल्या एका पावसाळ्यात मातीतल्या भिंतीचं पुन्हा न भरून येणारं नुकसान होऊ शकतं.